कडेला चिकटलात की अडकलात

मागून हॉर्न वाजला की सायकलस्वार कडेला सरकतो. दुसरा वाजला की आणखी थोडा सरकतो, आणि चाक अगदी फुटपाथला लागेपर्यंत हे चालतं. भीतीपोटी घडणारी ही हालचाल समजण्यासारखी आहे, पण सायकल वळते कशी हे पाहिलं तर तिच्यातला धोका दिसतो.

वेगातली सायकल उजवीकडे न्यायची तर हँडल उजवीकडे फिरवायचं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात हँडल आधी क्षणभर डावीकडे जातं. चाकं शरीराखालून डावीकडे सरकतात, त्यामुळे सायकल उजवीकडे कलते आणि मगच वळण सुरू होतं. याला काउंटरस्टीअरिंग म्हणतात. विमानाच्या आधी सायकलींचा धंदा करणाऱ्या विल्बर राइटच्या हे ध्यानात आलं होतं. तुम्ही वळता कसे, असं त्याने कितीतरी सायकलस्वारांना विचारलं. पहिल्या झटक्यात कुणालाच बरोबर सांगता आलं नाही! आता फुटपाथ डाव्या हाताला खेटून असेल तर डावीकडचा तो झोक घ्यायला जागाच उरत नाही. समोर खड्डा आला की उजवीकडे निसटणं जवळजवळ अशक्य होतं.

मग रस्त्याच्या मधून चालवायची का? तसंही नाही. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातले संशोधक इयन वॉकर यांनी २००६ मध्ये सायकलला अंतर मोजणारा सेन्सर लावून दोन हजारांहून जास्त ओव्हरटेक नोंदवले. (त्या काळात त्यांना एका बसने आणि एका ट्रकने धडकही दिली.) सायकल कडेपासून जितकी लांब, तितकं कमी अंतर ठेवून गाड्या तिच्या शेजारून गेल्या. हेल्मेट घातल्यावरही गाड्या थोड्या जवळून जातात असं त्यांना दिसलं, पण त्या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला. हेल्मेट काढून ठेवायचं ते कारण नव्हे. माझ्या मते तरीही कडेपासून साधारण मीटरभर जागा ठेवावी. गाडी अंगावर आलीच तर सरकायला तेवढी जागा हाताशी राहते आणि मागच्याला आपण लवकर दिसतो.

चिडलेल्या चालकाचं गणित वेगळं. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका सर्वेक्षणात माकडापासून किंवा कीटकापासून माणसापर्यंतची चित्रं दाखवून, सायकलस्वार यात कुठे बसतो, असं विचारलं होतं. सायकल न चालवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी त्याला पूर्ण माणसाच्या खालीच ठेवलं. आणि ज्यांनी जितकं खाली ठेवलं, तितकी त्यांनी सायकलस्वारांशी केलेल्या आडदांडपणाची कबुलीही जास्त होती. काचेआडून चालकांना दिसते ती पाठ आणि हेल्मेट. म्हणून मान वळवून मागे पाहणं, चेहरा दिसू देणं, हाताने स्पष्ट इशारा देणं मला महत्त्वाचं वाटतं. रागीट माणूस यानं निवळेलच असं नाही, पण तुमचा पुढचा बेत तरी त्याला कळतो.

एवढं करूनही कुणी मागे लागलाच, तर शिव्या देत बसू नये. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, आणि लोखंड त्याच्याभोवती आहे, तुमच्याभोवती नाही. मोकळी जागा दिसली की इशारा करून बाजूला थांबावं आणि त्याला पुढे जाऊ द्यावं. नंबर तेवढा ध्यानात ठेवावा आणि थांबल्या थांबल्या लिहून घ्यावा. तक्रार करायची झाली तर तो लागतोच.