दीड लाख मैल पळालेली की लिलावातून उठलेली?

भाच्याचा डॅलसहून फोन आला. ऑगस्टमध्ये मास्टर्ससाठी आलेला, तीन महिने रूममेटच्या गाडीतून फिरलेला; आता स्वतःची गाडी हवी, तीही प्रियस, म्हणजे टोयोटाची पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड. "मामा, दोन प्रियस बघितल्यात. दोन्ही नऊ हजार डॉलरच्या आतबाहेर. एक २०१४ची, हाय मायलेज लिहिलंय. दुसरी २०१६ची, नव्वद हजारच मैल झालेत, पण तिच्यावर रिबिल्ट टायटल की काहीतरी आहे. पहिलीच घेऊ ना? हाय मायलेज म्हणजे चांगलंच की."

उत्तर बरोबर होतं, पण त्याने दिलेलं कारण चुकीचं. आपल्याकडे "मायलेज किती?" विचारलं की लिटरला किती किलोमीटर ते सांगायचं असतं. अमेरिकेतल्या जाहिरातीत हाय मायलेज म्हणजे गाडी भरपूर पळालेली, आपल्या भाषेत रनिंग जास्त. त्याच्या त्या "चांगल्या" गाडीचं रनिंग होतं एक लाख साठ हजार मैल, म्हणजे अडीच लाख किलोमीटरच्या वर. हे ऐकून पठ्ठ्या लगेच दुसऱ्या गाडीकडे झुकला. मग तासभर फोन चालला, त्यातलं बरंचसं इथे लिहितोय. दरवर्षी कुणीतरी नवं येतं आणि याच दोन जाहिरातींसमोर अडकतं.

गोंधळ होतो कारण किंमत सारखी दिसते. बाजाराने दोन्ही गाड्यांतून पैसे कापलेत, पण वेगवेगळ्या कारणांसाठी. एकीतून झिजेचे कापलेत. दुसरीतून कशाचे, ते कुणालाच नीट माहीत नसतं.

आधी टायटल. टायटल म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, आणि अमेरिकेत त्यावर गाडीचा पूर्वेतिहास शिक्क्यासारखा बसतो. आपल्याला आरसी बुकावर असलं काही बघायची सवय नसते, त्यामुळे तो शब्द नजरेतून सुटतो. अपघात, पूर, आग, गारपीट किंवा चोरी झाली की विमा कंपनी हिशेब मांडते. दुरुस्ती परवडत नसेल तर मालकाला पैसे देऊन गाडी ताब्यात घेते; हाच टोटल लॉस. त्यानंतर टायटलवर "सॅल्व्हेज" लागतं आणि गाडी रस्त्यावर आणायला मनाई होते. ती लिलावात जाते, कोपार्ट आणि आयएए ही त्यातली मोठी नावं. तिथून कुणीतरी स्वस्तात उचलतो, ठोकठाक करतो, राज्याची कागदपत्रं पुरी करतो आणि मग टायटलवर "रिबिल्ट" येतं. म्हणजे सॅल्व्हेज आणि रिबिल्ट हेही एक नव्हेत. अजून सॅल्व्हेजच असलेली गाडी कुणी "कागद तुम्ही करून घ्या" म्हणत विकत असेल, तर तिथून चालू पडा. प्लेट मिळेपर्यंत ती गाडी अंगणात उभी करून तिची पूजा करावी लागेल.

हा शिक्का हिशेबाचा आहे, डॉक्टरच्या सर्टिफिकेटसारखा नाही. फ्लोरिडात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर गेला की गाडी टोटल, टेक्ससमध्ये १०० टक्के लागतात. कॅलिफोर्नियात ठरावीक टक्का नाही. दुरुस्तीचा खर्च अधिक भंगाराची किंमत मिळून गाडीच्या किमतीच्या पुढे जाते का, ते बघतात. त्यामुळे टेक्ससमध्ये ९० टक्के मार खाल्लेली गाडी शिक्क्याशिवाय फिरू शकते. "क्लीन टायटल" म्हणजे कधी आपटलीच नाही, असा अर्थ काढू नका. उलट जुन्या प्रियसच्या खालून चोरांनी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा भाग, कापून नेला, तर त्या एका भागाच्या खर्चाने निरोगी गाडीही टोटल होऊ शकते.

आता जास्त रनिंगची हायब्रिड. तिच्याबद्दलची भीती मला निम्मी तरी फुकाची वाटते. अमेरिकन माणूस वर्षाला सरासरी साडेतेरा हजार मैलांच्या आसपास गाडी चालवतो. दहा-अकरा वर्षांची गाडी दीड लाखापलीकडे गेलेली असली तर त्यात जगावेगळं काही नाही. शिवाय प्रियसमध्ये पेट्रोल इंजिनासोबत दोन इलेक्ट्रिक मोटारी आणि मध्ये ग्रहमालेसारखा फिरणारा गिअरसंच असतो. वेगळा स्टार्टर नाही, ऑल्टरनेटर नाही, क्लच नाही. ब्रेक दाबला की आधी मोटार वेग खेचून बॅटरी भरते, त्यामुळे ब्रेक पॅडही वर्षानुवर्षं टिकतात. साध्या गाडीत लाखभर मैलांनंतर जी बिलं येतात त्यातली बरीच इथे येतच नाहीत. टॅक्सीवाल्यांनी या गाड्या उगाच नाही पळवल्या.

झिजते ती बॅटरी. २०१०पासून २०१५पर्यंतच्या, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये निकेल-मेटल हायड्राइडचे २८ मॉड्यूल, म्हणजे बॅटरीचे छोटे डबे, एकापुढे एक जोडलेले असतात. सगळे मिळून २०१.६ व्होल्ट. एक अशक्त झाला की पंगतीतल्या सगळ्यांना त्याच्यासाठी थांबावं लागतं. गाडी दोन-दोन मॉड्यूलच्या १४ जोड्यांचं व्होल्टेज मोजत असते आणि ते आपल्यालाही वाचता येतं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये एक छोटा ब्लूटूथ रीडर लावायचा, फोनवर डॉक्टर प्रियस हे ॲप घ्यायचं आणि चढावर जोर देताना व उतारावर बॅटरी भरताना आकडे बघायचे. चौदाही जोड्या जवळजवळ राहिल्या तर ठीक. एखादी सारखी मागे पडत असेल तर "पी०ए८०" हा कोड कधीतरी उगवणार, म्हणजे बॅटरी बदला. त्याला काही हजार डॉलर लागतात. तो आकडा आधी काढा आणि भाव करताना तोंडावर मांडा. "बॅटरी नुकतीच बदललीय" असं विकणारा म्हणाला तर बिल मागा. अख्खी नवी बसवणं आणि दोन मेलेले मॉड्यूल काढून दुसऱ्या गाडीतले जुने घालणं, दोन्हीला लोक "बदलली" म्हणतात. दुसऱ्या प्रकारात काही महिन्यांनी तिसरा मॉड्यूल मान टाकतो.

बॅटरीच्या पंख्याकडे तर कुणी बघतच नाही. मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी असते, तिथून पंखा केबिनमधली हवा ओढून बॅटरी थंड ठेवतो. आधीच्या मालकाकडे कुत्रा असेल तर तिथे केसांची गादी तयार झालेली असते. टेक्सस-ॲरिझोनाच्या उन्हात तुंबलेला पंखा बॅटरीला मैलांपेक्षा लवकर म्हातारं करतो. जाळीवर टॉर्च मारायला पैसे पडत नाहीत.

आणि याच पिढीची एक खोड मेकॅनिक मंडळींना चांगली ठाऊक आहे. धूर परत इंजिनात फिरवणारी ईजीआरची वाट काजळीने तुंबते आणि पुढे हेड गास्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं पॅकिंग, जातं. ते ओळखायचं सकाळी. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना इंजिन डब्यात दगड हलवल्यासारखं खडखडलं, किंवा कुठे गळती नसताना कुलंट कमी झालेलं दिसलं, तर निघा. म्हणून विकणाऱ्याला सांगायचं, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर त्याने आधीच सुरू करून खडखड संपवून ठेवली आहे.

या गाडीची दुखणी ही एवढीच आहेत असं नाही, पण ती कुठे शोधायची ते ठरलेलं आहे. रिबिल्ट गाडीत तसं नसतं.

तिथे पहिला प्रश्न असतो, मार कुठे बसला. समोरून बसला असेल तर इंजिनाशेजारी इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटारींना लागते तशी करून देणारा) आहे, त्याला थंड ठेवणारी कुलंटची वेगळी वाट आहे, नारिंगी रंगाच्या हाय व्होल्टेज केबल आहेत. मागून बसला असेल तर २०१५पर्यंतच्या प्रियसमध्ये बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीच्या तळाशी असते. २०१६पासून ती सीटखाली गेली. साध्या गाडीची डिकी दबली तर पत्र्याचं काम. हायब्रिडची दबली तर तो पत्रा कशाजवळ दबला, हे विचारावं लागतं. शिवाय दुरुस्ती करणाऱ्याला गाडी स्वस्तात उभी करायची असते. तो दुसऱ्या भंगार गाडीची बॅटरी आणून बसवतो. मग ओडोमीटर नव्वद हजार दाखवतो आणि बॅटरीचं वय देवाला माहीत.

पुरातली गाडी असेल तर मी पुढे ऐकतसुद्धा नाही. २०१७च्या हार्वे वादळात ह्यूस्टन भागात लाखो गाड्या पाण्यात गेल्या होत्या. २६ जुलै २००५ची मुंबई ज्याने पाहिली, त्याला गाडीत पाणी शिरणं म्हणजे काय ते सांगायला नको. आणि तेव्हाच्या गाड्यांत २०० व्होल्टची बॅटरी नव्हती. बॅटरीच्या पट्ट्यांवर आणि कनेक्टरच्या आत गंज हळूहळू चढतो. गाडी टेस्ट ड्राइव्हला छान चालते, मग एक दिवस डॅशबोर्डवर दिव्यांची रोषणाई होते.

एअरबॅगचं प्रकरण याहून वाईट. अपघातात फुटलेली एअरबॅग नवी बसवणं महाग असतं, म्हणून काहीजण स्वस्तातल्या नकली बसवतात. जुलै २०२४मध्ये अमेरिकेच्या एनएचटीएसए या वाहन सुरक्षा संस्थेने याचा जाहीर इशारा दिला. अशा बदललेल्या, निकृष्ट इन्फ्लेटरमुळे (एअरबॅग फुगवणाऱ्या भागामुळे) आधीच्या नऊ महिन्यांत तीन जण दगावले होते आणि दोघांना जन्मभराच्या इजा झाल्या होत्या. गाडी चालू करताना एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझायला हवा. लागलाच नाही तर तो कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. पण दिवा नीट विझला म्हणजे आतली बॅग अस्सल आहे, असंही नाही.

"पण राज्याने तपासूनच रिबिल्ट दिलंय ना?" भाच्याचा प्रश्न. तपासणी कशासाठी आहे ते बघ म्हटलं. न्यू यॉर्कमध्ये सॅल्व्हेज गाडीची परीक्षा असते, ती चोरीचे सुटे भाग वापरलेत का हे शोधायला. टेक्ससमध्ये दुरुस्ती कुणी केली, कोणते भाग बदलले, याचं निवेदन भरून द्यावं लागतं. खाजगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी तर टेक्ससने जानेवारी २०२५पासून बंदच केली. वेल्डिंग सरळ झालंय का, हे सरकार तुमच्या वतीने बघत नाही.

पैशांचं थोडक्यात. रिबिल्ट गाडी साधारण २० ते ४० टक्के स्वस्त मिळते आणि विकतानाही तेवढीच खाली जाते. बऱ्याच बँका तिच्यावर कर्ज देत नाहीत, काही विमा कंपन्या फक्त समोरच्याच्या नुकसानीचा विमा देतात. वॉरंटी जाते ती वेगळीच. टोयोटाने २०२०च्या मॉडेलपासून हायब्रिड बॅटरीला १० वर्षं किंवा दीड लाख मैल दिलेत, पण टोटल लॉस झालेल्या गाडीला ती वॉरंटी लागू नाही. कमी रनिंगची, अलीकडची रिबिल्ट हायब्रिड घेण्यातला अर्धा फायदा तिथेच संपतो. सुरक्षेचे रिकॉल, म्हणजे कंपनीने स्वतःच्या दोषासाठी गाडी परत बोलावून केलेली दुरुस्ती, तेवढे टायटल न बघता फुकट करून मिळतात.

मग रिबिल्ट कधीच नाही? घेईन की. चोरीला गेली, विमा कंपनीने पैसे दिले आणि नंतर गाडी सापडली, अशी असेल. किंवा नुसता गारांनी टप पोचलेला असेल. वर लिलावातले फोटो आणि दुरुस्तीची बिलं दोन्ही हातात असतील, एकही एअरबॅग उघडलेली नसेल, मी रोख देऊन गाडी मरेपर्यंत वापरणार असेन आणि भाव शिक्का नसलेल्या तशाच गाडीच्या साठ टक्क्यांत मिळत असेल. यातलं एक जरी कमी पडलं तरी मी नाही म्हणतो. आपल्या लोकांना स्वस्तात कमी रनिंग दिसलं की पाणी सुटतं, आणि विकणाऱ्यांना ते पक्कं माहीत असतं.

शिक्का लपवायची युक्तीही जुनी आहे: गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन नवं टायटल काढायचं, की काही वेळा शिक्का गळून पडतो. त्यासाठीच देशभरच्या टायटलची एनएमव्हीटीआयएस ही नोंद आहे; तिचा अहवाल थोड्या पैशांत मिळतो. एनआयसीबी या विमा-फसवणूक रोखणाऱ्या संस्थेच्या साइटवर व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकून फुकटही बघता येतं. माझी आवडती पद्धत मात्र गावंढळ आहे. तोच व्हिन गूगलमध्ये टाकायचा. लिलावाचे फोटो बऱ्याचदा तिथे पडून असतात, दुरुस्तीच्या आधीचे.

भाच्याने फोन चालू ठेवूनच दुसऱ्या गाडीचा व्हिन टाकला. जरा वेळ काहीच बोलला नाही. विकणारा "पार्किंगमध्ये छोटासा धक्का" म्हणाला होता. फोटोत डिकी मागच्या सीटपर्यंत आत आलेली होती.

रविवारी सकाळी सातला तो २०१४ची गाडी बघायला गेला. बॉनेट गार, कुलंट खुणेवर, खडखड नाही. चौदाही जोड्या एकमेकींच्या आसपास. मागच्या जाळीत कुत्र्याचे केस निघाले, तेवढ्यावर सहाशे डॉलर कमी करून घेतले आणि नंतर पंखा साफ केला. महिन्याने त्याचा मेसेज आला: "मामा, गॅलनला पन्नास मैल देतेय, म्हणजे लिटरला एकवीस. हाय मायलेजच निघाली की!"