रक्त कमी, पण पेशी मोठ्या

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट हातात आला की नजर आधी एचबीवर, म्हणजे हिमोग्लोबिनवर, जाते. बाईचा आकडा १२ च्या खाली असला की घरातच निदान होतं: अंगात रक्त नाही, अळिवाचे लाडू करा, लोखंडी कढई काढा. त्याच कागदावर जरा खाली एमसीव्ही नावाची ओळ असते, ती सहसा कुणी वाचत नाही. तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान सांगणारी ही ओळ. हिशेब सोपा आहे. पीसीव्हीला, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्क्याला, दहानं गुणायचं आणि दशलक्षांत मोजलेल्या तांबड्या पेशींनी भागायचं. पीसीव्ही ३०, पेशी ५ दशलक्ष, तर एमसीव्ही ६०. साधारण ८० ते १०० ठीक. म्हणजे या पेशी बारक्या.

फिकटपणाचे प्रकार पाडायची खटपट जुनी आहे. चरकसंहितेत पांडुरोग, म्हणजे अंग फिकट पडण्याचा आजार, पाच प्रकारचा, त्यातला पाचवा माती खाल्ल्यानं होणारा. आज डॉक्टर उलट बाजूनं बघतात: माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण. त्याच परंपरेत उपचाराला मंडूर, म्हणजे लोखंडाचा कीट, वापरत आले. हे मात्र नेमकं बसलं होतं.

पेशीच्या मापावरून वर्गवारी आली ती मॅक्सवेल विंट्रोब या डॉक्टरांमुळे. १९२९ साली त्यांनी रक्तातल्या पेशींचा वाटा मोजायची काचेची नळी मांडली आणि १९३४ पर्यंत ॲनिमियाची मापावर बेतलेली वर्गवारी उभी केली: बारक्या पेशींचा, नेहमीच्या मापाच्या पेशींचा आणि मोठ्या पेशींचा.

मोठ्या पेशींचं कोडं सुटायला लागलं ते मुंबईत. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. गिरणगावात गरोदर बायांना ॲनिमिया होत होता, त्यात बाया दगावत होत्या. परळच्या हाफकिन संशोधन संस्थेत काम सुरू झालं. पेशी मोठ्या दिसत, अगदी युरोपातल्या ‘पर्निशस’, म्हणजे जीवघेण्या, ॲनिमियासारख्या. त्या आजारावर १९२६ पासून मायनॉट आणि मर्फी हे अमेरिकी डॉक्टर रुग्णांना काळीज, म्हणजे जनावराचं यकृत, खायला घालत होते. पण गिरणीतल्या बाईला रोज काळीज कुठून मिळणार? विल्सनं या बायांचं जेवण पाहिलं आणि तसाच निकृष्ट आहार आधी उंदरांना, मग माकडांना दिला. ॲनिमिया झालेलं माकड सावरलं ते मार्माइटवर. मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क, पावाला लावायचा काळा, खारट, चिकट पदार्थ. मग तो गरोदर बायांना दिला, आणि त्याही सुधारल्या. १९३१ मध्ये हे छापून आलं.

पुढची गंमत जास्त महत्त्वाची. काळजाचा शुद्ध केलेला अर्क पर्निशस ॲनिमियावर चाले, या बायांवर चालेना. म्हणजे पेशी सारख्या दिसल्या तरी उणीव वेगळी. विल्सचा तो घटक १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. १९४५ मध्ये ते अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत तयार झालं. तिथले संशोधनप्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. काळजातला घटक निघाला बी-१२ जीवनसत्त्व, १९४८ साली. हा फरक पुस्तकी नाही. बी-१२ कमी असलेल्या माणसाला नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

बारक्या पेशींबाबतही तशीच गफलत होते. बहुतेकदा कारण लोहच असतं: पाळीतला जास्त रक्तस्राव, पोटातले अंकुशकृमी, ताटातलं कमी लोह. पण थॅलेसेमिया मायनर या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषामध्येही पेशी बारक्या असतात, फक्त त्यांची संख्या घटत नाही. म्हणून मेंटझर या डॉक्टरांनी १९७३ मध्ये एक युक्ती सांगितली, एमसीव्हीला पेशींच्या संख्येनं भागा. उत्तर १३ च्या आत आलं की थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा. वरच्या रिपोर्टात ६० भागिले ५, म्हणजे १२. अशा बाईची फेरिटिन (लोहाचा साठा सांगणारी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार सांगणारी) तपासणी व्हायला हवी. सहसा मिळते ती लोहाच्या लाल गोळ्यांची आणखी एक पट्टी.