"डाव संपला" स्क्रीनवर आला कुठून? एका नागपुरी रेट्रो-वर्षाची पार्श्वभूमी

ओळखीतला एक भाऊ वर्षभर जुन्या ८-बिट गेम्सच्या मागे लागलाय, आधी चीट, मग मराठी पॅच (गेममधले शब्द मराठीत करणारा बदल), आता स्वतःचा गेम. "डाव संपला" आलं कुठून, असं लोक तेच तेच विचारून राहिले म्हणून थोडं मागचं लिहितो.

फॅमिकॉम (निन्टेंडोचं गेम मशीन) जपानमध्ये १९८३ ला आला, पण आपल्यापैकी कोणी तो पाहिला नाही. आपण पाहिले ते नव्वदच्या दशकातले क्लोन म्हणजे त्याच्या नकला, बुर्डीच्या बाजारात मिळायचे, ६० पिनांची कॅसेट अन् स्टिकरवर "९९९९ इन १". आत गेम मोजकेच. बाकीच्या नोंदी म्हणजे तोच गेम, फक्त सुरू व्हायच्या आधी मेनू मेमरीत एखादा आकडा बदलून टाकायचा, म्हणून डायरेक्ट पाचव्या लेव्हलवर नाहीतर जास्तीच्या लाइफ. म्हणजे हॅक केलेले गेम आपण तेव्हाच खेळत होतो, तेही पैसे देऊन. भाऊचं पहिलं काम हेच, लाइफचा बाइट शोधून हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले आकडे थेट बदलायचं सॉफ्टवेअर) बदलणं. ते सगळेच करतात.

भांडणं झाली मराठी पॅचवर. स्क्रीन छोट्या चित्र-तुकड्यांची म्हणजे टाइलची बनते, एक टाइल ८ बाय ८ पिक्सेलची, अन् बॅकग्राउंडसाठी एका वेळी २५६ टाइल, त्यातल्या बहुतेक झाडं-विटांनी आधीच भरलेल्या. शिरोरेघ, वर मात्रा, खाली उकार, हे ८ पिक्सेलच्या उंचीत मावत नाही, म्हणून एकावर एक दोन टाइल. शिरोरेघ त्याने खालच्या टाइलच्या अगदी वरच्या ओळीवर ठेवली, त्यामुळे मात्रा-वेलांटी नसेल तिथे वरची टाइल कोरी, अन् ती एकच कोरी टाइल सगळीकडे चालते. इथपर्यंत सगळे खूश.

जोडाक्षरांवर गाडी अडली. काही म्हणे पाय मोडून लिही, हलंताची एक खूण पुरते. काही म्हणे अर्ध्या अक्षरांच्या वेगळ्या टाइल काढ. पाय मोडले की जागा वाचते खरी, पण "प्रारंभ" तसा लिहिला तर वाचणाऱ्याला फॉन्टच बिघडलाय असं वाटतं, अन् अर्धी अक्षरं काढायला गेलं की ढग पुसावे लागतात. भाऊने दोन्ही सोडून जोडाक्षर नसलेलेच शब्द घेतले: सुरू करा, गुण, वेळ, डाव संपला, "शत्रू"च्या जागी वैरी. याला पळवाट म्हणणारे अजून म्हणतात. सीएचआर-रॅमवाला मॅपर (मॅपर म्हणजे कॅसेटमधली मेमरी बदलणारी जास्तीची चिप, सीएचआर-रॅम म्हणजे चित्रांची बदलता येणारी मेमरी) टाकून अक्षरं गेम चालू असतानाच काढायची हा उपाय जास्त शुद्ध, मान्य, पण मूळ गेम ४० केबीचा, ३२ प्रोग्राम अन् ८ चित्रं, मॅपरच नाही त्यात, एवढी चिरफाड करायची तर नवीनच गेम लिहा न बे. अन् मला विचाराल तर "खेळ समाप्त"पेक्षा "डाव संपला" कधीही भारी, टाइल मोकळ्या असत्या तरी हेच ठेवायला पाहिजे होतं.

पॅच आयपीएस नावाच्या फाइलमध्ये दिला, म्हणजे बदललेले बाइट तेवढेच, मूळ रॉम (गेमची पूर्ण फाइल) नाही. त्यावरही कायदा शिकवणारे आले, ते सोडा.

मग उन्हाळ्यात कूलरसमोर बसून ६५०२ असेंब्लीत (मशीनच्या प्रोसेसरची भाषा) स्वतःचा गेम सुरू केला, तिथे क्लोनने घोळ घातला. जपानी मशीन सेकंदाला ६० फ्रेम चालतं, पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) टीव्हीसाठीचे क्लोन ५०. म्हणून लहानपणीचा गेम एम्युलेटरमध्ये (कंप्युटरवर तेच मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) पळत सुटतो अन् लोक एम्युलेटरला शिव्या देतात, खरं तर आपणच तो सावकाश खेळलो. डेंडी मोड लावा (डेंडी म्हणजे रशियात खपलेला क्लोन), ओळखीचा स्पीड येतो. भाऊचा टायमर फ्रेम मोजायचा, तर १०० सेकंदांचे क्लोनवर १२० झाले. आता गेम सुरू होतानाच दोन व्हीब्लँकमधला (फ्रेम काढून झाल्यावरचा विराम) वेळ मोजून मशीन ओळखतो अन् त्याप्रमाणे वेळेचं टेबल निवडतो.

आवाजाचं मात्र अडलंय. बऱ्याच क्लोन चिपांमध्ये स्क्वेअर वेव्हची २५ अन् ५० टक्के ड्युटी (लाट किती वेळ वर राहते ते प्रमाण) अदलाबदल झालेली असते, त्यामुळे एम्युलेटरवर गोल वाटणारी धून टीव्हीवर नाकात बोलते. हे प्रोग्रामला आपोआप कळायचा मार्ग नाही, म्हणून टायटल स्क्रीनवर सिलेक्ट दाबून बदलायची सोय टाकून राहिला.