रिपोर्टमधला 14

शेजारच्या काकू परवा तपासणीचा रिपोर्ट घेऊन आल्या. व्हिटॅमिन डी 14, पुढे ठळक अक्षरांत ‘कमी’. “माझी हाडं गेलीच म्हणायची!” हे त्या म्हणत होत्या तीन जिने चढून आल्यावर.

मी त्यांना अमेरिकेतल्या बायकांची गोष्ट सांगितली. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या रक्तात डी गोऱ्या स्त्रियांपेक्षा बरंच कमी असतं. त्वचेत डी तयार व्हायला अतिनील ‘बी’ किरण लागतात आणि त्वचेला रंग देणारं मेलॅनिन नेमके तेच अडवतं. मग म्हातारपणी खुब्याचं हाड कुणाचं जास्त मोडायला हवं? मोडतं गोऱ्यांचं! कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण जवळपास निम्मंच आहे, आणि त्यांच्या हाडांची घनताही जास्त.

हे कसं, ते समजायला मानेत डोकवावं लागतं. थायरॉइडच्या पाठीमागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. (माझ्या मते शरीरातलं सगळ्यात देखणं यंत्र हेच.) रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की त्या पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात. ते मूत्रपिंडाला सांगतं, कॅल्शियम लघवीवाटे जाऊ देऊ नकोस, आणि डीला त्याच्या कामाच्या रूपात आण, म्हणजे आतडं अन्नातलं कॅल्शियम जास्त ओढेल. तिसरा निरोप हाडाला. हाडातल्या पेशी तो घेतात, ‘रँकल’ नावाचं प्रथिन पुढे करतात आणि त्याच्या इशाऱ्यावर हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होतात. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत. अडीनडीला कणगी तिथलीच फोडायची.

डी कमी पडलं की पीटीएच चढतं आणि हाड झिजतं, हे आपण पाठ्यपुस्तकातून शिकतो. पण पीटीएच चढूनही हाडानं तिकडे कानाडोळा केला तर? न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी 1990च्या दशकात दोन्ही गटांतल्या स्त्रियांच्या शिरेतून पीटीएच सोडून पाहिलं. हाड विरघळल्याच्या खुणा कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये कमी वाढल्या. त्यांचं मूत्रपिंड मात्र कॅल्शियम चांगलं राखून ठेवतं. निरोप तोच, पण हाड दाद देत नाही.

2013 साली आणखी एक खुलासा गाजला. रक्तात डीला वाहून नेणारं प्रथिनच कृष्णवर्णीयांमध्ये कमी असतं, म्हणून एकूण डी कमी दिसलं तरी प्रथिनाला न चिकटलेलं, मोकळं डी सारखंच, असा तो होता. पुढे कळलं की मोजणीत वापरलेली अँटीबॉडी त्या प्रथिनाचा एक प्रकार नीट ओळखतच नव्हती आणि तोच प्रकार आफ्रिकी वंशात जास्त आढळतो. दुसऱ्या पद्धतीनं मोजल्यावर प्रथिनातला फरक जवळपास नाहीसा झाला.

मग गोळ्या देऊन पाहिलं. न्यूयॉर्कजवळ 260 वयस्क कृष्णवर्णीय स्त्रियांवर तीन वर्षं चाचणी चालली. रक्तातलं डी मिलीलिटरमागे 30 नॅनोग्रॅमच्या वर ठेवूनही हाडांची झीज काही कमी झाली नाही.

डी फालतू आहे, असा याचा अर्थ नाही. फारच कमी झालं तर हाडं मऊ पडतात, आणि तिथे औषध लागतंच. पण ‘जितकं जास्त तितकं बरं’ ही जाहिरातवाल्यांची भाषा. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटांचा डोस दिला, तर त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं, म्हणजे संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेनं, 2024 साली ‘पुरेशा’ डीसाठीचा 30 हा आपलाच जुना उंबरठा सोडून दिला. लॅबच्या छापील कागदांवर तो अजून ठाण मांडून आहे.

काकूंचा शेवटचा प्रश्न कोवळ्या उन्हाचा होता. रोज सकाळी सातला गॅलरीत बसतात त्या. मी म्हटलं, त्या वेळी सूर्य इतका खाली असतो की बी किरण वातावरणातच गाळले जातात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड होईल तेव्हाचं ऊन कामाचं.

“म्हणजे अकराला? रापायला?” म्हणत त्यांनी रिपोर्टची घडी घातली.