लग्नानंतर मेडिक्लेममध्ये नाव चढवणं (इंदूर)

लग्न झाल्यावर नवरा किंवा बायकोला आपल्या हेल्थ इन्शुरन्समध्ये घेणं, कव्हरची रक्कम वाढवणं, नॉमिनी बदलणं, या सगळ्या खटाटोपाला आम्ही इंदूरकर 'मेडिक्लेममध्ये नाव चढवणं' म्हणतो. हिंदीतलं 'नाम चढ़वाना' आमच्या मराठीत कधी शिरलं ते आता कोणाला आठवतही नाही. काम दोन-तीन कागदांचं आहे, पण रखडतं हमखास.

सगळ्यात घाई असते ती नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत. सुपर कॉरिडॉरच्या आयटी कंपन्या असोत की दुसरी कुठली, ग्रुप पॉलिसीत नव्या जोडीदाराचं नाव घालायला साधारण 30 दिवस मिळतात, काही ठिकाणी कमी-जास्त, आणि हे दिवस लग्नाच्या तारखेपासून मोजतात, सर्टिफिकेट हातात आलं तेव्हापासून नाही. इथेच गाडी अडते. लग्न झालं की सत्यनारायण, मग कुलदैवताला जायचं, ते जेजुरी नाहीतर कोल्हापूर म्हणजे इंदूरहून जाऊन येऊन आठवडा गेलाच, मग फिरायला, मग पाहुण्यांकडची जेवणं, तोवर महिना संपलेला असतो आणि एचआरचं उत्तर येतं की आता पुढच्या रिन्यूअलला बघू. आमच्या घरी एकदा हे चार दिवसांनी हुकलं आणि वहिनी आठ महिने बिनकव्हरची राहिली. म्हणून आधी मेल टाकून द्यायचा, लग्नपत्रिका आणि एक फोटो जोडायचा, सर्टिफिकेट मागाहून पाठवतो असं लिहायचं, बऱ्याच ठिकाणी एवढ्यावर भागतं. लग्नाची नोंदणी नगर निगममध्ये होते आणि ती तशीही लागतेच, सुप्रीम कोर्टाने 2006 सालीच सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलंय.

स्वतःच्या फॅमिली फ्लोटरचं गणित वेगळं. काही कंपन्या लग्न झाल्यावर वर्षाच्या मधेच नाव घेतात, काही रिन्यूअललाच. फ्लोटरमध्ये रक्कम सगळ्यांत मिळून एकच आणि प्रीमियम ठरतो घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर, त्यामुळे सासू-सासऱ्यांच्या पॉलिसीत सून घालण्यापेक्षा दोघांची वेगळी घेतलेली बरी, असं माझं मत. शिवाय नव्या माणसाचे वेटिंग पिरियड नव्याने सुरू होतात: पहिले 30 दिवस अपघात सोडून काही नाही, आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त 3 वर्षं (2024 पर्यंत 4 होती), आणि बाळंतपणाचं कव्हर असलंच तर त्यालाही बऱ्याच पॉलिसींत दोन ते चार वर्षं. ग्रुप पॉलिसीत बाळंतपण अनेकदा पहिल्या दिवसापासून मिळतं, तेव्हा दोघांपैकी कोणाच्या ऑफिसचं कव्हर चांगलं ते आधी बघा.

आता फॉर्म भरण्याबद्दल, कारण खरी गडबड तिथे होते. एजंट काका संध्याकाळी घरी येतात, हॉलमध्ये चहा-शेव मांडलेली, सासूबाई दारात उभ्या, आणि काका सगळ्यांदेखत नव्या सुनेला विचारतात, 'काही आजार वगैरे नाही ना बेटा?' आता तिला थायरॉईड असेल, पीसीओडी असेल, ती तिथे काय सांगणार? 'नाही काका.' काका खूण करतात आणि पुढच्या पानावर. दोन वर्षांनी ॲडमिट व्हायची वेळ येते, जुने रिपोर्ट निघतात आणि माहिती लपवली म्हणून क्लेम अडकतो. सलग 5 वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, पण तोवर टांगती तलवार. फॉर्म मुलीने स्वतः, एकटीने बसून भरावा.

दुसरा घोळ नावाचा. आपल्याकडे लग्नात तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात आणि घरचे त्याच नावाने पॉलिसी काढून मोकळे होतात, आधारवर मात्र माहेरचं नाव, मधे वडिलांचं. हॉस्पिटलच्या कॅशलेस काउंटरवर मग प्रश्न येतो, 'मैडम, ये दोनों एक ही हैं क्या?' नाव बदलायची कायद्याने सक्ती कुठेच नाही, आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. पॉलिसीवर आधारचंच नाव ठेवा, तांदळावरचं घरात चालू दे.

मुलगी वडिलांच्या फ्लोटरमध्ये असेल तर लग्नानंतर ती त्यातून निघते, पण तिने भोगलेला वेटिंग पिरियड वाया जात नाही, त्याच कंपनीत तिची वेगळी पॉलिसी करून घेता येते किंवा दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येते (म्हणजे भोगलेल्या वेटिंग पिरियडसकट नेता येते), रिन्यूअलच्या किमान दीड महिना आधी अर्ज द्यावा. हे माहेरचे बहुतेक विसरतात, पुढच्या हप्त्याला नाव गाळून टाकतात आणि मिळवलेलं सगळं बुडतं.

टॅक्समध्ये हेल्थ इन्शुरन्सच्या वजावटीत (जुन्या कायद्यातलं 80डी, फक्त जुन्या रिजीममध्ये) बायकोचा प्रीमियम 25,000 च्या मर्यादेत धरता येतो, सासू-सासऱ्यांचा नाही, जावईबापूंनी भरला तरी. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसीवर जीएसटी शून्य झालाय, आधी 18 टक्के होता. क्लेमची तक्रार कंपनीने ऐकली नाही तर विमा लोकपालाचं ऑफिस भोपाळला आहे, फी लागत नाही.

पीथमपूरच्या कारखान्यांतले, महिना 21,000 पर्यंत पगाराचे लोक ईएसआयमध्ये (कामगारांची सरकारी विमा योजना) येतात, तिथे बायकोचं नाव आणि आधार कंपनीमार्फत चढतं आणि नंदा नगरच्या हॉस्पिटलात दाखवता येतं. आयुष्मान कार्ड असेल तर 5 लाखांच्या कौटुंबिक कव्हरमध्ये सून येऊ शकते, पण त्याआधी समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) बदलावा लागतो, म्हणजे माहेरच्या 8 आकडी फॅमिली आयडीतून तिचं नाव काढून सासरच्या आयडीत घालायचं. एक माणूस दोन कुटुंबांत दिसला की सिस्टीम पुढे सरकत नाही, आणि माहेर जर देवासला असेल तर चक्कर देवासची पण होते.