राजापूर : नकाशावरून पुसलेल्या एका लोकसभा मतदारसंघाची पार्श्वभूमी

लोकसभा मतदारसंघांची २००८ साली जी पुनर्रचना झाली, तिच्यात राजापूर हे नाव निवडणूक आयोगाच्या यादीतून गेले. त्याआधी महाराष्ट्रातील मतदारसंघांची मोजणी दक्षिण कोकणापासून सुरू होत असे आणि राजापूरचा क्रमांक १ होता. नव्या यादीत पहिले स्थान नंदुरबारला मिळाले, तर राजापूरचा वारसा सांगणारा रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ ४६व्या क्रमांकावर गेला. हा बदल कारकुनी असला, तरी या मतदारसंघाची खरी ओळखच अशी होती की राज्याचा कौल एका बाजूला आणि राजापूरचा दुसऱ्या बाजूला, हे चित्र तीस-पस्तीस वर्षे दिसत राहिले.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ मध्ये, राजापूर नावाचा मतदारसंघ नव्हता. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा मुंबई राज्यात होता आणि त्याचे उत्तर व दक्षिण असे दोन मतदारसंघ होते. दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. उत्तर रत्नागिरीतून निवडून आलेले जगन्नाथराव भोसले हे आझाद हिंद फौजेतील सेनानी होते. १९५७ मध्ये दक्षिणेकडील मतदारसंघाला राजापूरचे नाव मिळाले. मतदारसंघाचा मोठा भाग सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ल्याकडचा आणि राजापूर हा उत्तरेच्या बाजूचा तालुका, तरी नाव त्याचेच पडले. त्या काळी देशातील काही मतदारसंघांतून दोन-दोन खासदार निवडून जात आणि ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली. राजापूर मात्र प्रथमपासून एकसदस्यीयच होता.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर लढली गेली. मुंबईसह महाराष्ट्राची मागणी करणाऱ्या समितीच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात काँग्रेसची पडझड झाली. शेजारच्या रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडून आले आणि राजापुरातून प्रजा समाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै. वेंगुर्ल्यात जन्मलेले, लंडनला कायदा शिकलेले नाथ पै तेव्हा पस्तिशीचेही नव्हते. समितीच्या लाटेवर निवडून आलेले एक खासदार एवढीच त्यांची नोंद राहिली असती, तर या मतदारसंघाबद्दल वेगळे लिहिण्यासारखे काही उरले नसते.

खरी कसोटी १९६२ मध्ये लागली. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षे झाली होती, समिती विस्कटली होती आणि यशवंतराव चव्हाणांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने राज्यातील ४४ पैकी ४१ जागा जिंकल्या. उरलेल्या तिघांपैकी दोन अपक्ष होते आणि तिसरे नाथ पै. १९६७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही असा निकाल दिला, तेव्हा घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेकडे परत यावा यासाठी त्यांनी खासगी विधेयक मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर बराच खल झाला, पण ते संमत झाले नाही. पुढे १९७१ च्या २४व्या घटनादुरुस्तीने साधारण तेच साधले. ती पाहायला नाथ पै नव्हते. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात त्यांचे निधन झाले.

लोकसभा त्याआधीच विसर्जित झालेली होती आणि निवडणूक अगदी तोंडावर होती. समाजवाद्यांनी प्रा. मधु दंडवते यांना उभे केले. ते जन्माने अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे. कोकणशी त्यांचा जुना संबंध म्हणजे १९५५ चा गोवा सत्याग्रह. इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने राज्यातील ४५ पैकी ४२ जागा घेतल्या. राजापूरने दंडवत्यांना निवडले. १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसने ४८ पैकी ३९ आणि १९८४ मध्ये काँग्रेसने ४३ जागा जिंकल्या, तेव्हाही राजापूर दंडवत्यांकडेच राहिले. १९७७ आणि १९८९ धरून त्यांचे सलग पाच विजय झाले.

याचे श्रेय बहुधा नाथ पै आणि दंडवते या दोघांच्या वक्तृत्वाला आणि निष्कलंक चारित्र्याला दिले जाते, आणि ते खोटे नाही. पण तेवढेच कारण पुरेसे वाटत नाही, कारण चांगली माणसे इतरत्रही उभी राहत होती आणि पडत होती. घाटावर काँग्रेसची मुळे सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँका आणि सोसायट्या यांत रुजली होती. दक्षिण कोकणात ऊसही नव्हता आणि कारखानेही नव्हते. इथले घर मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरवर चाले. कर्ज, पाणी आणि उसाचा भाव यांसाठी ज्याच्या दारात जावे असा स्थानिक पुढारी इथे तुलनेने दुबळा होता, त्यामुळे मत देताना माणूस पाहण्याची मोकळीक मतदाराला अधिक होती. शाळामास्तर आणि राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते हेच समाजवाद्यांचे संघटन, आणि कमी खर्चाच्या निवडणुकीला ते पुरत होते.

आणीबाणीत दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते; १९७७ मध्ये जनता सरकारात ते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या त्या त्यांच्या कारकिर्दीत. कोकण रेल्वेचा पाठपुरावा त्यांनी वर्षानुवर्षे केला. १९९० मध्ये ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, काँग्रेसच्या सुधीर सावंत यांनी त्यांचा पराभव केला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण खुला झाला, तेव्हा कणकवली आणि कुडाळच्या फलाटांवर उतरणारे चाकरमानी वेगळ्याच पक्षाला मत देऊ लागले होते.

तो पक्ष शिवसेना. मुंबईच्या चाळींतून तो गणपतीला आणि शिमग्याला गावी येतच होता. गिरणी संपानंतर जी कुटुंबे परतली किंवा तुटली, त्यांच्यात समाजवाद्यांचा शब्द उरला नव्हता. १९९० मध्ये मालवणमधून नारायण राणे विधानसभेत गेले. १९९६ पासून २००४ पर्यंत राजापूरच्या चारही लोकसभा निवडणुका सेनेच्या सुरेश प्रभूंनी जिंकल्या. प्रभू सनदी लेखापाल, शांत बोलणारे, सेनेच्या रूढ प्रतिमेत न बसणारे. उमेदवार निवडताना सेनेनेही या मतदारसंघाची जुनी सवय ओळखली असावी. पुढे भाजपमध्ये गेल्यावर २०१४ मध्ये तेही रेल्वेमंत्री झाले, पण तेव्हा ते राज्यसभेवर होते.

पुनर्रचनेत राजापूरला रत्नागिरी आणि चिपळूण जोडले गेले. दापोली आणि गुहागर रायगडकडे गेले. दरम्यान राणे २००५ मध्ये काँग्रेसमध्ये गेले होते. २००९ मध्ये त्यांचे पुत्र निलेश राणे यांनी प्रभूंना हरवले. २०१४ मध्ये शिवसेनेच्या विनायक राऊत यांनी निलेश यांना सुमारे दीड लाख मतांनी पाडले आणि २०१९ मध्ये मताधिक्य आणखी वाढवले. २०२४ मध्ये शिवसेना दुभंगलेली होती. राऊत उद्धव ठाकरे गटाच्या मशाल चिन्हावर लढले, ही जागा महायुतीत भाजपकडे गेली आणि मतपत्रिकेवर सेनेचा धनुष्यबाण नव्हता. भाजपतर्फे नारायण राणे स्वतः उभे राहिले आणि ४७ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले.