ऐतिहासिक गेममधली हिंसा आणि वयाचा शिक्का

ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग आज ज्या तटबंदीच्या आत आहे, तो मुळात किल्ला होता. पोर्तुगीजांनी तो अठराव्या शतकात बांधायला घेतला, १७३७ मध्ये साष्टीच्या मोहिमेत मराठ्यांनी तो ताब्यात घेतला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हल्ला करून तो जिंकला. नेमक्या याच शतकावर २००९ मध्ये ‘एम्पायर: टोटल वॉर’ हा संगणकावरचा गेम आला. त्याचा काळ १७०० ते १७९९ असा आहे आणि खेळाडूला ज्या सत्ता निवडता येतात, त्यांत मराठेही आहेत. वाघबीळच्या एखाद्या फ्लॅटमध्ये बसलेल्या आठवीतल्या मुलाला मराठ्यांचे घोडदळ घेऊन मोगलांवर चालून जाता येते, तोफा डागता येतात, किल्ल्यांना वेढा घालता येतो. एकेका लढाईत शेकड्यांनी, कधी हजारांनी माणसे पडतात. अमेरिकेत या गेमवर ‘टीन’ म्हणजे १३ वर्षे व त्यावरील मुलांसाठी असा शिक्का आहे. त्याच अठराव्या शतकातल्या अमेरिकन क्रांतीवर बेतलेल्या ‘असॅसिन्स क्रीड ३’ या २०१२ च्या गेमवर मात्र ‘मॅच्युअर’, म्हणजे १७ वर्षांवरील, असा शिक्का आहे. तिथे माणसे एकेक करून मरतात.

मृतांच्या संख्येवर वयोमर्यादा ठरत असती, तर हे दोन शिक्के उलटे बसले असते. मग वयाचा शिक्का नेमके काय मोजतो आणि इतिहासाच्या बाबतीत त्याच्या हातून काय निसटते, हे पाहण्यासारखे आहे.

या शिक्क्यांचा जन्मच पडद्यावरच्या रक्तातून झाला. १९९२ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा गेम आला. त्यात जिंकणारा हरणाऱ्याचे हृदय उपटून काढत असे. छायाचित्रांवरून बनवलेली माणसे पडद्यावर तोपर्यंत फारशी कोणी पाहिली नव्हती, त्यामुळे पालक हादरले. डिसेंबर १९९३ मध्ये जोसेफ लिबरमन आणि हर्ब कोल या सिनेटरांनी अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या घेतल्या. सरकारने कायदा करण्याआधी आपणच काही केलेले बरे, या विचाराने गेम उद्योगाने १९९४ मध्ये ‘ईएसआरबी’ ही श्रेणी देणारी संस्था उभी केली. त्याच वर्षी जर्मनीत ‘यूएसके’ सुरू झाली. युरोपातल्या बहुतेक देशांसाठीची ‘पेगी’ ही पद्धत २००३ मध्ये आली. पेगीच्या श्रेणी ३, ७, १२, १६ आणि १८ अशा आहेत.

श्रेणी देणारे तज्ज्ञ गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून पाहतात, असा सर्वसाधारण समज आहे. पन्नास-साठ तासांचे गेम असतात, त्यामुळे ते शक्यही नसते. डिस्कवर विकल्या जाणाऱ्या गेमसाठी ईएसआरबीकडे निर्माता सविस्तर प्रश्नावली भरून देतो आणि गेममधल्या सर्वांत तीव्र प्रसंगांचे चित्रीकरण पाठवतो. प्रशिक्षित परीक्षक ते पाहून श्रेणी ठरवतात. माहिती दडवली तर दंड होतो आणि श्रेणीही बदलते. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’मध्ये दडवलेले लैंगिक दृश्य २००५ मध्ये उघडकीला आल्यावर त्याची श्रेणी १७ वरून थेट १८, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, अशी करण्यात आली आणि दुकानांनी तो गेम फळीवरून काढला.

मोबाइलवरच्या लाखो गेमसाठी एवढाही सोपस्कार शक्य नाही. तिथे २०१३ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयएआरसी’ या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेची एकच प्रश्नावली वापरली जाते. निर्माता उत्तरे भरतो आणि त्या उत्तरांवरून यंत्रणा प्रत्येक प्रदेशाची श्रेणी आपोआप काढून देते. गूगल प्ले स्टोअरने ती २०१५ मध्ये स्वीकारली. आपल्याकडे प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली १२+ किंवा १६+ असा जो छोटा चौकोन दिसतो, तो तिथून येतो. त्याला बोट लावले की ‘मध्यम हिंसा’ यासारखे दोन-तीन शब्दांचे वर्णन उघडते. कित्येक पालकांच्या नजरेतून नेमके तेवढेच सुटते.

पेगीचे हिंसेविषयीचे निकष वाचले की या व्यवस्थेचा कल लक्षात येतो. अवास्तव, कार्टूनसारख्या हिंसेला ७. माणसासारख्या पात्रांवरची पण खरी न भासणारी हिंसा असेल तर १२. हिंसा प्रत्यक्षात दिसेल तशी दिसू लागली की १६. अतिरेकी क्रौर्य, विनाकारण केलेली हत्या किंवा निःशस्त्र, असहाय माणसांवरची हिंसा असेल तर १८. शेवटचा निकष सोडला, तर सगळा भर किती खरे दिसते यावर आहे. ईएसआरबीही रक्त, दृश्य जवळून दिसते की दुरून, हिंसा किती वारंवार होते, अशा गोष्टी पाहते.

याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे ६ जून १९४४ चा ओमाहा किनारा. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या या किनाऱ्यावर उतरताना अमेरिकी सैनिक मोठ्या संख्येने मारले गेले. २००२ च्या ‘मेडल ऑफ ऑनर: अलाइड असॉल्ट’ या गेममध्ये हा प्रसंग खेळाडूने स्वतः किनाऱ्यावर धावत अनुभवायचा आहे. आजूबाजूला सैनिक कोसळत राहतात, पण रक्ताचा थेंब दिसत नाही, म्हणून त्याला ‘टीन’. २०१७ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: डब्ल्यूडब्ल्यू२’ची सुरुवातही नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच होते. तिथे फाटलेली शरीरे दिसतात, त्यामुळे अमेरिकेत १७ आणि युरोपात १८. घटना तीच आणि खेळाडूच्या हातातली बंदूकही जवळपास तीच आहे. माझ्या मते या दोहोंतला कमी वयाचा गेम इतिहासाशी अधिक अप्रामाणिक आहे, कारण तो युद्धात माणसे स्वच्छपणे मरतात असे दाखवतो. श्रेणी देणाऱ्यांना मात्र यासाठी दोष देता येत नाही, कारण इतिहासाचा खरेपणा तपासणे हे त्यांचे कामच नव्हे.

निर्मात्यांना हे गणित चांगले ठाऊक असते. ‘टोटल वॉर’ मालिकेतल्या ‘शोगुन २’ या जपानी इतिहासावरच्या गेममध्ये रक्त आणि तुटलेले अवयव ही वेगळी विकत घ्यायची पुरवणी होती. मूळ गेमची श्रेणी खाली राहावी, हे त्याचे सांगितलेले कारण. इतिहासातून रक्त वेगळे काढून ते निराळ्या किमतीला विकण्याचा हा प्रकार मला या विषयातला सर्वांत विलक्षण वाटतो.

जर्मनीत प्रश्न रक्ताच्या पुढे गेला. तिथे नाझी चिन्हे दाखवणे हा गुन्हा आहे. कला, संशोधन, शिक्षण यांना त्यात सवलत आहे. चित्रपटांना ती मिळत होती, गेमना मात्र ऑगस्ट २०१८ पर्यंत मिळत नव्हती. परिणामी नाझींविरुद्ध लढण्याचा ‘वोल्फेनस्टाइन २’ हा २०१७ चा गेम जर्मनीत विकताना त्यातली स्वस्तिकसदृश चिन्हे तर काढलीच, पण हिटलरची मिशीही काढली. ज्या देशाने हा इतिहास विसरू नये, तिथल्याच खेळाडूला खलनायक ओळखू येऊ नये, अशी ही व्यवस्था झाली. २०१८ मध्ये नियम बदलल्यावर प्रत्येक गेमचा स्वतंत्र विचार होऊ लागला आणि बर्लिनमधल्या नाझीविरोधी गटाची गोष्ट सांगणाऱ्या ‘थ्रू द डार्केस्ट ऑफ टाइम्स’ला चिन्हांसह प्रदर्शित होता आले.

आता मुलांच्या मनाकडे वळू. हिंसक गेममुळे मुले हिंसक होतात का, या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञांत तीन दशके वाद चालू आहे. क्रेग अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सुमारे १ लाख ३० हजार व्यक्तींवरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून संबंध आहे असे म्हटले. २०१८ मध्ये १७ हजार मुलांवरच्या २४ अभ्यासांचे दुसरे विश्लेषण आले. त्यात हिंसक गेम आणि नंतरची शारीरिक आक्रमकता यांतला संबंध सुमारे ०.०८ ते ०.११ एवढा निघाला. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, अशी ही मोजपट्टी आहे. साध्या हिशेबाने मुलांमुलांतल्या आक्रमकतेच्या फरकापैकी जेमतेम एक टक्का त्यातून उलगडतो.

शिवाय प्रयोगशाळेतली ‘आक्रमकता’ बऱ्याचदा वेगळीच असते. प्रतिस्पर्ध्याच्या कानात किती मोठा आवाज सोडायचा किंवा त्याला किती तिखट सॉस खायला लावायचा, यावरून ती मोजली जाते. आवाजाच्या त्या एकाच चाचणीचे निकाल संशोधकांनी दीडशेहून अधिक वेगवेगळ्या प्रकारांनी मोजल्याचे माल्टे एल्सन या जर्मन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले. मोजण्याच्या इतक्या रीती हाताशी असल्या की हवा तो निष्कर्ष निघण्याचा धोका वाढतो.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचा अभ्यास अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि नेटा वाइनस्टाइन यांचा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ब्रिटनमधली १४-१५ वर्षांची सुमारे एक हजार मुले आणि त्यांचे पालक होते. गेम किती हिंसक आहे हे मुलांना न विचारता संशोधकांनी पेगी आणि ईएसआरबीच्या अधिकृत श्रेणींवरूनच ठरवले, आणि मुलांच्या आक्रमकतेविषयी पालकांना विचारले. संबंध आढळला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननेही मार्च २०२० मध्ये आपली भूमिका स्पष्ट केली. ओरडणे, ढकलणे अशा वागण्याशी थोडासा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही, असे संस्थेने म्हटले.

मग शिक्का निरुपयोगी ठरतो का? नाही. वयोमर्यादेचे खरे समर्थन आक्रमकतेपेक्षा भीतीत आहे, असे मला वाटते. जोआन कँटर या अमेरिकी संशोधिकेने मुलांच्या भीतीवर दीर्घकाळ काम केले. लहान मुले दिसायला भयंकर असलेल्या गोष्टींना घाबरतात, मग त्या कितीही खोट्या असोत. मोठी मुले मात्र खऱ्या आणि अमूर्त धोक्यांना घाबरतात. अणुयुद्धावरचा एक दूरचित्रवाणी चित्रपट १९८३ मध्ये अमेरिकेत दाखवला गेला, तेव्हा सर्वांत कमी अस्वस्थ झाली ती लहान मुले. युद्धाचा अर्थ समजणारे मोठेच जास्त हादरले. रक्तावर आधारलेली श्रेणी त्यामुळे सहा-सात वर्षांच्या मुलाचे चांगले रक्षण करते, पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला नेमके काय टोचेल, हे तिला नीटसे सांगता येत नाही.

आपल्या घरांत याचा अनुभव रोजचा आहे. महाराष्ट्रात चौथीतली मुले शिवछत्रपतींच्या पाठ्यपुस्तकात अफजलखानाचा वध वाचतात. दिवाळीत सोसायटीच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे उभे करतात. नऊ वर्षांच्या मुलाला यासाठी कोणी वयाचा दाखला मागत नाही आणि मागूही नये. वाचताना मूल आपल्या कुवतीइतकेच चित्र डोळ्यांसमोर आणते, त्याहून जास्त नाही. पडद्यावर ते चित्र दुसऱ्याने आधीच काढून ठेवलेले असते आणि गेममध्ये तर कृती मुलाच्या बोटाने घडते. हा फरक खरा आहे, पण इतिहासातली हिंसा मुलांपासून दूर ठेवायची की नाही, हा प्रश्न त्यातून निकालात निघत नाही. बोस्नियातल्या सरायेव्हो शहराच्या वेढ्यावरून सुचलेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा गेम पोलंडमध्ये २०२० साली शालेय वाचनाच्या पूरक यादीत घेण्यात आला. त्यात खेळाडू सैनिक नसतो. अन्न, औषध आणि ऊब शोधणारे सामान्य नागरिक त्याला सांभाळायचे असतात. गेमची श्रेणी १८ असल्यामुळे तो फक्त १८ वर्षे पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांनाच सुचवता आला. युद्ध नकोसे वाटावे असा गेम १८ वर आणि तोफा डागण्याचा आनंद देणारे कित्येक गेम १२ वर, असा हा मामला आहे.

शिक्क्याचा उलटा परिणामही होतो. नेदरलँड्समध्ये ७ ते १७ वर्षांच्या ३१० मुलांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वयाचा किंवा हिंसेचा शिक्का असलेला गेम मुलांना अधिक हवाहवासा वाटला. वाशी किंवा खारघरच्या एखाद्या गेमिंग पार्लरमध्ये तासाचे पैसे भरून बसलेल्या दहावीच्या मुलांना १८ चा लाल चौकोन कशाची खूण वाटतो, हे त्यांच्या पाठीमागे पाच मिनिटे उभे राहिले तरी कळते. डिस्कच्या वेष्टनावरचा हा आकडा त्या पार्लरवर कायद्याने बंधनकारकही नाही.

कारण भारतात गेमसाठी वैधानिक वयश्रेणीच नाही. चित्रपटाला सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र लागते आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्यात यूए ७+, १३+ आणि १६+ असे टप्पे आले. ओटीटीवरच्या मालिकांना २०२१ च्या नियमांनुसार वयोगट दाखवावे लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगवर केंद्राचा कायदा झाला, पण त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर आहे. हिंसेचे वर्गीकरण आपण अमेरिका, युरोप आणि दोन मोबाइल कंपन्यांच्या दुकानांवर सोपवले आहे. त्यातही मुलाचे खाते बहुधा वडिलांच्या ई-मेलवर, वडिलांच्या जन्मतारखेने काढलेले असते, त्यामुळे दुकानाच्या लेखी खेळाडूचे वय बेचाळीस असते. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये पिन टाकून १२+ च्या वरचे गेम रोखता येतात. ही सोय अवघ्या दोन मिनिटांची आहे, पण ती वापरलेली घरे माझ्या पाहण्यात फार नाहीत.

उद्या भारताने स्वतःची श्रेणी आणली आणि एखाद्या मराठी निर्मात्याने वसईच्या वेढ्यावर गेम केला, तर त्याच्यापुढच्या प्रश्नावलीत रक्ताचा प्रश्न असणारच. त्याच्या जोडीने मला आणखी तीन प्रश्न हवेत. पडद्यावर मरणारा माणूस सशस्त्र आहे की शरण आलेला? मारण्याचे काही परिणाम गेम दाखवतो, की फक्त गुण वाढतात? शत्रू म्हणून दाखवलेला समाज आज आपल्या शेजारी राहत असेल, तर त्याला माणूस म्हणून चेहरा दिलेला आहे का? पहिल्या प्रश्नाला पेगीत आधीच जागा आहे. उरलेल्या दोहोंची उत्तरे आकड्यात बसणारी नाहीत, म्हणून ती श्रेणीत न घालता तिच्या शेजारी दोन ओळींच्या वर्णनात, मराठीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापावीत.